छपरावरची वीज आणि घरचा हिशेब

अलीकडे पुणें, नाशिक, सातारा यांसारख्या कोणत्याहि शहरांत एखाद्या उंचशा गच्चीवर चढून सभोंवार दृष्टि फिरविली, तर निळसर-काळ्या कांचेचे तक्ते दक्षिणेकडे तोंड करून ओळीनें मांडलेले दिसतात. शेजारच्या घरीं ते आले, म्हणजे आपल्या घरीं रात्रीच्या जेवणाच्या वेळीं विषय निघतोच. चिरंजीव म्हणतात, "सूर्य फुकट, वीज फुकट, चार वर्षांत पैसे वसूल!" वडील म्हणतात, "वीज फुकट असेल. तक्ते फुकट नाहींत. आणि ते पैसे माझ्या निवृत्तीच्या पुंजींतून जावयाचे." तोंच आई विचारते, "आणि माझें वाळवण कोठें घालावयाचें?" आमच्या मतें या तिघांचेंहि म्हणणें रास्त आहे, आणि या प्रश्नास सरसकट 'होय' किंवा 'नाहीं' असें उत्तर देणारा मनुष्य एक तर विक्रेता असावा, नाहीं तर त्यानें स्वतःच्या घरचें बिल कधीं उलटून पाहिलेलें नसावें.

ही विद्या कांहीं कालपरवांची नव्हे. द्रावणांत बुडविलेल्या धातूच्या पट्टीवर प्रकाश पडला असतां विद्युत्प्रवाह वाहूं लागतो, हें एदमों बेकरेल या फ्रेंच तरुणानें वयाच्या १९ व्या वर्षीं, १८३९ सालीं पाहिलें. पुढें १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट तयार झाला. अंगावर पडणाऱ्या प्रकाशापैकीं शेंकडा सहा हिश्शांचीच तो वीज करीत असे. आजच्या तक्त्यांत हें प्रमाण शेंकडा वीस-बावीसपर्यंत पोंचलें आहे. गृहस्थास मात्र त्यांतून एवढेंच लक्षांत ठेवावयाचें कीं, १ किलोवॅटच्या संचास सुमारें १०० चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते, आणि आपल्या महाराष्ट्रांत त्यापासून वर्षाच्या सरासरीनें रोज सुमारें ४ युनिटें, म्हणजे महिन्यास सुमारें १२० युनिटें वीज मिळते. चैत्र-वैशाखांत ती अधिक. आषाढ-श्रावणांत, झड लागली म्हणजे, निम्म्यावर येते. तक्ते साधारणतः २५ वर्षें चालतात व वर्षास अर्धा टक्का या बेतानें मंदावत जातात. तक्त्यांकडून येणारी वीज घरच्या उपयोगाची करणारें जें यंत्र, म्हणजे इन्व्हर्टर, तें मात्र दहा-बारा वर्षांत बदलावें लागण्याचा संभव धरून चालावें.

आतां खर्च. ३ किलोवॅटचा संच बसविण्यास मालाच्या व सांगाड्याच्या प्रतीप्रमाणें साधारणतः दीड ते दोन लाख रुपये पडतात. केंद्र सरकारनें २०२४ च्या फेब्रुवारींत 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' सुरू केली. तिच्या अन्वयें पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये, मिळून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतें. संच त्याहून मोठा घेतला तरी अनुदान वाढत नाहीं. योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंत ठरविलेली आहे. दोन गोष्टी मात्र विक्रेता घाईघाईनें सांगून पुढें जातो. एक, अनुदान हवें असेल तर तक्ते व त्यांतील घट भारतांत बनलेले असावे लागतात. दुसरी, अनुदान संच चालू झाल्यावर मग बँकेंतील खात्यांत जमा होतें. म्हणजे आरंभीं सगळी रक्कम आपणच उभी करावयाची. जातां जातां आणखी एक: २०२५ च्या सप्टेंबरांत या सामानावरील वस्तु व सेवा कर शेंकडा १२ वरून ५ वर उतरला, तेव्हां दरपत्रक हातीं येतांच कराचा आंकडा आधीं पाहावा.

खरा हिशेब येथून पुढें सुरू होतो, आणि तो तक्त्यांच्या किंमतीचा नसून आपल्या बिलाचा आहे. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे असतात: पहिलीं १०० युनिटें, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढील. २०२४-२५ सालच्या दराप्रमाणें, वहन आकार धरून, पहिल्या टप्प्यांत युनिटास सुमारें ६ रुपये पडत; दुसऱ्यांत सुमारें साडेअकरा; तिसऱ्यांत साडेपंधरांच्या वर; शिवाय या सर्वांवर शेंकडा १६ वीज शुल्क. (दर वेळोवेळीं बदलतात, वाचकांनीं आपल्या ताज्या बिलावरील आंकडे घालून हाच हिशेब पुन्हा मांडावा.) आतां ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, छपरावरचा संच जीं युनिटें वाचवितो तीं बिलाच्या शेंड्याकडून वाचवितो, बुडख्याकडून नव्हे. महाग युनिटें आधीं जातात, स्वस्त युनिटें शेवटीं.

उदाहरणार्थ, आठ माणसांचें एकत्र कुटुंब, एकच मीटर, आणि महिन्याचा सरासरी वापर ३६० युनिटें घेऊं. पहिल्या किलोवॅटनें वरचीं १२० युनिटें गेलीं: त्यांतील ६० साडेपंधरा रुपयांचीं, ६० साडेअकरांचीं, शुल्क धरून महिन्याची बचत सुमारें १,८८० रुपये, वर्षाची साडेबावीस हजार. दुसऱ्या किलोवॅटनें सर्वच युनिटें साडेअकरा रुपयांचीं गेलीं. वर्षाची बचत सुमारें १९,००० रुपये. तिसऱ्या किलोवॅटच्या वाट्यास वीस युनिटें तेवढीं महाग येतात व उरलेलीं शंभर स्वस्त. वर्षाची बचत सुमारें साडेअकरा हजार. म्हणजे तिसरा किलोवॅट पहिल्याच्या निम्मेंच कमावतो, आणि अनुदानहि त्यालाच सर्वांत कमी! तरीहि या कुटुंबास तिन्ही किलोवॅट मिळून वर्षास सुमारें त्रेपन्न हजारांची बचत होते. पावणेदोन लाखांतून अनुदान वजा जातां उरणारे लाखभर रुपये दोन ते अडीच वर्षांत भरून निघतात. चिरंजीवांचें 'चार वर्षांत वसूल' हें बोलणें या घरापुरतें तर अतिशयोक्तीचें नव्हेच. उलट थोडें कमीच आहे.

परंतु तेंच घर, तींच आठ माणसें, आणि तीन भावांचे तीन मजल्यांवर तीन निरनिराळे मीटर असतील तर? प्रत्येकाचीं युनिटें १२० च्या आसपास. त्यांपैकीं शंभर स्वस्त टप्प्यांत. संच ज्या मीटरास जोडलेला असतो त्या मीटराच्या बिलांतूनच साधारणतः वजावट होते. थोरल्याच्या संचाची जास्तीची वीज धाकट्याच्या बिलांत आपोआप उतरत नाहीं. अशा स्थितींत प्रत्येकानें एकेक किलोवॅट घेतला, तर अनुदान जातां खर्च माणशीं चाळीस हजारांच्या घरांत, आणि वर्षाची बचत साडेअकरा हजार. पैसे भरून येण्यास साडेतीन वर्षें. ज्याचा वापरच ८०-९० युनिटांचा आहे, त्यास पांच-सहा वर्षें. म्हणून एकाच छपराखालीं राहणाऱ्या दोन घरांचीं उत्तरें निरनिराळीं येतात, यांत नवल नाहीं. चूल एक असो वा तीन, या बाबतींत मीटर किती हें आधीं मोजावें.

येथें आम्हांस एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. विहीर खणण्यापूर्वीं घागरीचें छिद्र बुजवावें. आठ माणसांच्या आंघोळीचें पाणी जर विजेच्या गिझरवर तापत असेल, तर एका बादलीस, म्हणजे २० लिटर पाणी २५ अंशांनीं तापविण्यास, सुमारें ०.६ युनिट लागतें. आठ बादल्यांस रोजचीं पांच युनिटें, महिन्याचीं दीडशेंच्या जवळपास. म्हणजे वरील ३६० युनिटांतील शेंकडा चाळीस भाग नुसता न्हाणीघरांत जातो! पाणी तापविण्याचा सौर बंब पुण्याकडील गच्च्यांवर पुष्कळ वर्षांपासून आहे. त्याची किंमत विजेच्या संचाच्या मानानें बरीच कमी, आणि उन्हाची उष्णता आहे तशीच पाण्यांत उतरवावयाची असल्यामुळें त्यास जागाहि थोडी पुरते. पावसाळ्यांत गिझरची मदत घ्यावी लागते हें खरें. तरी ज्या घरीं गिझर हाच मोठा खादाड आहे, तेथें आधीं सौर बंब, मग जुने पंखे बदलून कमी विजेवर चालणारे पंखे, आणि त्यानंतर उरलेल्या बिलापुरता छपरावरचा संच, हा क्रम आम्हांस शहाणपणाचा वाटतो. तीन किलोवॅटांच्या ठिकाणीं कदाचित् दीड-दोन पुरतील. विक्रेता हा क्रम आपणहोऊन सुचविणार नाहीं. त्याला दोष देण्याचें कारण नाहीं, पण त्याच्या तोंडून तो ऐकण्याची वाटहि पाहूं नये.

ज्यांच्या घरीं पाणी गॅसवर तापतें, त्यांना हा परिच्छेद लागू नाहीं.

आतां गच्ची. सावलीसारखा या संचाचा दुसरा शत्रु नाहीं. तक्त्यांतील घट माळेंतल्या मण्यांप्रमाणें एकापुढें एक गुंफलेले असतात. एका तक्त्याच्या कोपऱ्यावर सावली पडली, तरी त्या मानानें कितीतरी अधिक वीज घटते. सूर्य सर्वांत खालून जातो तो डिसेंबरांत. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यास भर दुपारींहि तो क्षितिजापासून अवघा ४८ अंश चढतो. त्यामुळें दहा फूट उंचीच्या टांकीची सावली दुपारींच उत्तरेस नऊ फूट लांब पडते, सकाळीं व तिसऱ्या प्रहरीं त्याहून पुष्कळच लांब. यासाठीं वैशाखांत गच्ची पाहून निर्णय करूं नये. पौषांत एके दिवशीं सकाळीं नऊ, दुपारीं बारा व तीन वाजतां गच्चीवर उभें राहून टांकी, जिन्याची खोली, शेजारचा नारळ किंवा आंबा यांच्या सावल्या खडूनें आंखून ठेवाव्या. घरच्या मुलांना हें काम सांगितलें तर तीं तें हौसेनें करितात, आणि भूगोलाचा एक धडाहि पदरांत पडतो. दक्षिणेस रिकामा भूखंड असेल, तर तेथें उद्यां किती मजले उठतील याचाहि अंदाज घ्यावा.

वाळवणाचा प्रश्न हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. तीनशें चौरस फूट गच्ची २५ वर्षांकरितां अडकते. त्या गच्चीवर पापड-कुरडया वाळतात, मुलें अभ्यास करितात, उन्हाळ्यांत माणसें निजतात. सांगाडा सात-आठ फूट उंच घेतला तर खालीं जागा मोकळी राहते, पण खर्च वाढतो व वारा अधिक लागतो. वाऱ्याची गोष्ट कोंकणवासीयांनीं तर विशेषच मनावर घ्यावी. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां छपरांचें काय झालें हें तिकडील लोक विसरलेले नाहींत. तेथें खारी हवा लोखंड खाते, म्हणून सांगाडा चांगला जस्त चढविलेला असावा. आणि माडाच्या पडत्या नारळांखालीं कांचेचा तक्ता मांडणें म्हणजे नशिबाशीं पैज लावणेंच. सिमेंटच्या गच्चीवर भोंकें पाडून सांगाडा बसविला कीं पुढल्याच पावसाळ्यांत दिवाणखान्याच्या छतास ओल, ही तक्रार सर्वसाधारण आहे. गच्चीस भोंक न पाडतां वजनदार कांक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करितां येतो काय, हें विचारावें. भोंकें पाडावींच लागलीं, तर गळतीची जबाबदारी कोणाची व किती वर्षें, हें दरपत्रकावर लिहून घ्यावें. धूळ व पांखरांची घाण पंधरा-वीस दिवसांनीं धुवावी लागते, तीहि सकाळीं, तक्ते थंड असतां. हें काम सत्तरीच्या गृहस्थानें शिडीवर चढून करावयाचें असेल, तर तेंहि हिशेबांत धरावें!

लोकांच्या मनांत एक मोठा गैरसमज आहे, तो दूर केला पाहिजे. छपरावर वीज तयार होते, तेव्हां बाहेरची वीज गेली तरी आपले दिवे चालूच राहतील, असें बहुतेकांस वाटतें. तसें होत नाहीं. महावितरणच्या तारांस जोडलेला साधा संच, तारांतील वीज जातांच आपणहि बंद पडतो. कारण उघड आहे: खांबावर चढलेल्या कामगाराला वाटावें कीं तार मेलेली आहे, आणि एखाद्या घराच्या गच्चीवरून तींत वीज वाहावी, असें होऊन चालणार नाहीं. अंधारांतहि दिवे हवे असतील, तर बॅटरीचा निराळा संच घ्यावा लागतो. त्याचा खर्च निराळा, आणि बॅटरीचें आयुष्य तक्त्यांइतकें नसतें. ज्या गांवीं वीज फारशी जात नाहीं, तेथें केवळ हौसेखातर बॅटरी घेण्यांत आम्हांस अर्थ दिसत नाहीं.

'बिल शून्य' हाहि शब्द जपून ऐकावा. दिवसां जास्त झालेली वीज तारांत जाते, रात्रीं आपण ती परत घेतों, आणि मीटर दोहोंची वजाबाकी करितो. परंतु स्थिर आकार राहतोच. जास्तीचीं युनिटें पुढच्या महिन्यांत ओढलीं जातात. मात्र ३१ मार्चला वर्ष मिटतें, आणि तोंपर्यंत उरलेलीं युनिटें अल्प दरानें विकत घेतलीं जातात. थंडीत पंखे बंद, ऊन चांगलें, आणि संच गरजेपेक्षां मोठा, अशा घरांत नेमकीं हींच युनिटें साचतात. तेव्हां 'घेतोंच आहों तर पांच किलोवॅट घ्या' हा सल्ला त्या घरच्या हिताचा नव्हे. हे नियम आयोगाच्या आदेशांनीं बदलतात. सही करण्यापूर्वीं महावितरणच्या कार्यालयांतून चालू नियम विचारून घ्यावे.

सदनिकेंत राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. गच्ची एकट्याची नसते. परंतु सोसायटीच्या उद्वाहक, पाण्याचा पंप, जिन्यांतील दिवे यांसाठीं संच बसविल्यास याच योजनेंत किलोवॅटमागें १८,००० रुपये अनुदान आहे, आणि त्याचा लाभ मासिक वर्गणींत सर्वांसच मिळतो. सभेंत हा ठराव मांडण्यास कोणी तरी एक चिकाटीचा गृहस्थ मात्र लागतो.

आतां वडिलांच्या शंकेकडे वळूं. कारण आमच्या मतें घरांतील खरी अडचण तीच आहे. लाख रुपये बँकेंत ठेवले तर शेंकडा सात व्याजानें वर्षास सात हजार मिळतील. संचांत घातले तर वर वर्णिलेल्या कुटुंबांत पन्नास हजार वांचतील. आंकड्यांत तुलनाच नाहीं. पण ठेव अर्ध्या रात्रीं मोडतां येते. गच्चीवरचा तक्ता मोडून इस्पितळाचें बिल भरतां येत नाहीं. म्हणून आजारपणासाठीं किंवा मुलीच्या शिक्षणासाठीं म्हणून बाजूला ठेवलेली शेवटची पुंजी यांत घालूं नये, मग हिशेब कितीहि गोड दिसो. या योजनेखालीं ३ किलोवॅटपर्यंत बँका तारणाविना कर्ज देतात, व्याज सहा-सात टक्क्यांच्या आसपास असतें. बचतीच्या पैशांतूनच त्याचे हप्ते सहज फिटतात. आणि घराचें बिल मुलगे भरीत असतील, तर कर्जहि त्यांनींच काढावें. बचत एकानें भोगावी व पुंजी दुसऱ्याची अडकावी, हें बापलेकांत झालें तरी बरें दिसत नाहीं.

याच संदर्भांत घराचें आयुष्य विचारांत घेणें प्राप्त आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचा पेठेंतील जुना वाडा आहे. बिल भरभक्कम, गच्ची उन्हांत, पैसा हाताशीं. तरी त्यांनीं संच घेतला नाहीं, कारण वाडा पाडून नवी इमारत बांधण्याविषयीं बांधकाम व्यावसायिकाशीं बोलणीं चालूं आहेत, आणि भावांपैकीं दोघांचा कल तिकडे आहे. तक्ते काढून दुसरीकडे बसवितां येतात. पण काढण्याचा, नेण्याचा, पुन्हा उभारण्याचा खर्च पडतो, आणि नव्या सदनिकेंत गच्चीचा हक्क उरेलच असें नाहीं. त्या कुटुंबाचा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. ज्याचें बोलणें अद्याप हवेंतच आहे, आणि बिल मात्र दरमहा चार हजारांचें येतें, त्यानें मात्र थांबूं नये. दोन-अडीच वर्षांत पैसे भरून निघणार असतील, तर तेवढा अवधि बोलणीं संपण्यासच लागतो.

शेवटीं कागदपत्रांविषयीं. पुष्कळ घरांत विजेचें बिल अद्याप कैलासवासी आजोबांच्या नांवें येतें; कोणाच्या डोळ्यांवर तें येत नाहीं, कारण पैसे भरले म्हणजे वीज चालू राहते. परंतु या योजनेचा अर्ज ग्राहकाच्या नांवें होतो व अनुदान त्याच्याच बँकेच्या खात्यांत जातें. तेव्हां आधीं मीटर हयात माणसाच्या नांवें करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठीं वारसांच्या संमत्या गोळा कराव्या लागतात. एक काका मुंबईस, एक आत्या बडोद्यास असली तर महिना-दीड महिना यांतच जातो. गच्ची सामाईक असेल, तर ती वापरण्याबद्दल सर्व भावांची लेखी संमति त्याच वेळीं घेऊन ठेवावी, आणि संचाचा खर्च कोणी किती केला तेंहि त्याच कागदावर लिहावें. हें सर्व होईतों जून उजाडला, तर उभारणीचें काम दसऱ्यापर्यंत पुढें ढकलावें. ओल्या गच्चीवर सांगाड्याचे पाये बसवूं देऊं नयेत.